चिप कशी बनते, नॅनोमीटर म्हणजे काय आणि नवीन कार्ड घेऊ की थांबू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली दहाएक वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांना पीसी जोडून देतोय, पैसे घेत नाही, चहा आणि वडापाव घेतो. नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतली पोरं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात आणि मी प्रत्येकाला तेच वीस मिनिटं सांगत बसतो, म्हणून एकदाच लिहून काढलं. लिहिलंय २०२६ च्या फेब्रुवारीत, त्यामुळे रिलीजच्या गोष्टी त्या हिशोबाने वाचा. कारखान्यात चिप कशी बनते हा भाग मात्र इतक्यात जुना होणार नाही.

चिप वाळूपासून बनते म्हणे. मग आपल्याकडे समुद्रकिनारा काय कमी आहे?

वाळूत सिलिकॉन असतं हे खरंय, पण चौपाटीवरची वाळू खोऱ्याने भरून कोणी चिप बनवत नाही. शुद्ध क्वार्ट्झचे दगड घेतात, कोळशाबरोबर भट्टीत तापवतात, त्यातून कच्चं सिलिकॉन निघतं. मग त्याचा वायू करून तो गाळून गाळून परत घन करतात, तेव्हा कुठे ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध माल मिळतो. नऊ वेळा नऊ, मोजून बघा. हा माल वितळवून त्यात एक छोटा स्फटिक बुडवायचा आणि हळूहळू फिरवत वर ओढायचा, की खाली एकसंध दांडा तयार होत जातो. ही पद्धत चोक्राल्स्की नावाच्या पोलिश माणसाने १९१६ मध्ये शोधली, आणि म्हणतात की लिहिता लिहिता त्याने शाईच्या दौतीऐवजी चुकून वितळलेल्या कथिलात टाक बुडवला, त्यातून ते सुचलं. खरं खोटं देव जाणे, पण गोष्ट भारी आहे.

त्या दांड्याच्या पातळ चकत्या कापल्या की झाली वेफर. व्यास ३०० मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटरच्या जरा वर. आणि एक गंमत, सिलिकॉन ज्या भांड्यात वितळवतात ते भांडंही अतिशुद्ध क्वार्ट्झचंच लागतं, आणि तसल्या क्वार्ट्झची जगातली सगळ्यात मोठी खाण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या स्प्रूस पाइन नावाच्या लहानशा गावात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने ते गाव धुऊन काढलं तेव्हा चिपवाल्यांची झोप उडाली होती.

चिप 'छापतात' म्हणजे नेमकं काय करतात?

प्रकार फोटो धुण्यासारखा आहे. वेफरवर प्रकाशाला संवेदनशील असं रसायन पसरायचं, वरून नक्षीच्या मास्कमधून प्रकाश पाडायचा, जिथे प्रकाश पडला तिथलं रसायन बदलतं, ते धुऊन टाकायचं, उघड्या पडलेल्या जागी कोरायचं, किंवा काहीतरी भरायचं, किंवा आत अणू घुसवायचे, मग वरून घासून सपाट करायचं. झाला एक थर. असे कितीतरी थर एकावर एक, आणि प्रत्येक थर खालच्याशी नॅनोमीटरच्या (म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या) हिशोबात जुळला पाहिजे. सगळ्या मिळून हजारावर पायऱ्या होतात आणि आजच्या अॅडव्हान्स चिपला वेफर आत गेल्यापासून बाहेर यायला तीन-चार महिने लागतात. फॅबमधल्या, म्हणजे चिपच्या कारखान्यातल्या, फोटोंमध्ये सगळं पिवळं पिवळं दिसतं ना, त्याचं कारण हेच, साधा पांढरा दिवा लावला तर त्यातल्या निळ्या भागाने ते रसायन खराब होईल.

आता खरी अडचण प्रकाशाची. बरीच वर्षं १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरून काम चाललं. पण रेघ त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक हवी असेल तर काय, जाड मार्करने तांदळाच्या दाण्यावर नाव लिहायला बसल्यासारखं ते होतं. लोकांनी त्यातही जुगाड केले, भिंग आणि वेफरच्या मध्ये पाणी भरलं, एकच थर दोनदा तीनदा चारदा छापला. शेवटी आलं ईयूव्ही (टोकाचा अतिनील प्रकाश), तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर.

हा प्रकाश बनवायची पद्धत ऐकून मला पहिल्यांदा वाटलं कोणीतरी थापा मारतंय. वितळलेल्या कथिलाचे बारीक थेंब, सेकंदाला ५० हजार, एका पोकळीत सोडतात, प्रत्येक थेंबाला लेझर दोनदा मारतात, पहिल्या फटक्यात तो चपटा होतो आणि दुसऱ्यात त्याचा प्लाझ्मा होऊन हा प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवाच शोषून घेते म्हणून आत सगळं निर्वात. काचेचं भिंगही शोषून घेतं म्हणून भिंगाऐवजी आरसे, आणि ते आरसे जर्मनीची झाइस कंपनी बनवते. आख्खं मशीन बनवणारी कंपनी जगात एकच, नेदरलँड्सच्या वेल्डहोवेन गावची एएसएमएल. त्यांचं पुढचं, आणखी बारीक रेघ छापणारं हाय-एनए मॉडेल ३५ कोटी डॉलरच्या घरात जातं. एक मशीन!

चीनला अमेरिकेने ही ईयूव्ही मशीन मिळू दिली नाहीत, तरी तिथल्या एसएमआयसी कंपनीने जुन्या १९३ वाल्या मशीनवरच परत परत छापून ७ नॅनोमीटर वर्गाची चिप काढली आणि ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये हुआवेच्या मेट ६० प्रो फोनमध्ये निघाली. महाग पडत असणार, पण काढली.

३ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३ नॅनोमीटरचं काय असतं?

काहीच नाही.

खरंच काहीच नाही. चिपमध्ये करंट चालू-बंद करणारे कोट्यवधी बारीक स्विच असतात, ते ट्रान्झिस्टर, आणि त्यातला चालू-बंद करणारा भाग म्हणजे गेट. फार पूर्वी त्या आकड्याचा गेटच्या लांबीशी संबंध होता, नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो सुटला, आणि आता ते फक्त नाव आहे, जसं हडपसरमधल्या प्रत्येक बिल्डिंगला 'हाइट्स' म्हणतात तसं. टीएसएमसीच्या (दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी तैवानची कंपनी) ३ नॅनोमीटर प्रोसेसमध्ये शेजारच्या दोन गेटमधलं अंतर ४५ नॅनोमीटर किंवा जास्तच असतं. प्रोसेसच्या प्रत्येक पिढीला नोड म्हणतात, आणि नवा नोड म्हणजे आधीपेक्षा ट्रान्झिस्टरची थोडी जास्त दाटी, थोडा वेग, थोडी वीज कमी, एवढंच समजायचं. आणि दोन कंपन्यांच्या नोडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. इंटेलचं १० नॅनोमीटर आणि टीएसएमसीचं ७ नॅनोमीटर दाटीच्या बाबतीत जवळपास बरोबरीचं होतं, पण लोकं आपली ७ बघून खूष. शेवटी वैतागून इंटेलने जुलै २०२१ मध्ये सुधारित १० नॅनोमीटरचं नावच 'इंटेल ७' करून टाकलं. घ्या!

अजून एक गोष्ट खोक्यावर कधीच लिहीत नाहीत. नवीन नोडवर लॉजिकचा, म्हणजे हिशोब करणारा, भाग आक्रसतो पण कॅशेची (चिपच्या आतली वेगवान) मेमरी जवळपास आक्रसायची थांबलीये. टीएसएमसीच्या ५ वरून ३ च्या एन३ई वर गेलं तरी एसरॅमची, म्हणजे कॅशे जिची बनते त्या मेमरीची, पेशी तेवढीच राहिली. म्हणून मग कंपन्या चिपचे तुकडे करून, ज्याला महाग नोड लागतो त्यालाच तो देतात आणि बाकीचं जुन्या नोडवर बनवतात. एएमडीच्या रायझन ९००० प्रोसेसरमध्ये कोअरचा (खरं काम करणारा) तुकडा ४ नॅनोमीटरवर आणि आयओचा (बाहेरशी डेटाची ये-जा सांभाळणारा) ६ नॅनोमीटरवर आहे तो याच कारणाने.

फिनफेट, गेट ऑल अराउंड, रिबनफेट, हे सगळं काय आहे आणि मला कळायला हवं का?

कळलं नाही तरी गेम चालेल. पण सोपं आहे, ऐका. ट्रान्झिस्टर म्हणजे बागेतली पाण्याची नळी समजा आणि गेट म्हणजे ती दाबणारा हात. पूर्वी नळी जमिनीवर आडवी आणि वरून एका बोटाने दाबायची. नळी आखूड होत गेली तशी बोटाखालून पाणी गळायला लागलं, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही करंट जायचा आणि चिप गरम व्हायची. मग नळी उभी केली आणि तीन बाजूंनी चिमटीत धरली, हे फिनफेट, इंटेलने २२ नॅनोमीटरला २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये आणलं. आता तेही पुरेना म्हणून चारही बाजूंनी मुठीत आवळायची, हे गेट ऑल अराउंड. सॅमसंगने २०२२ च्या जूनमध्ये ३ नॅनोमीटरला सगळ्यात आधी सुरू केलं, टीएसएमसीने २ नॅनोमीटरला २०२५ च्या शेवटच्या तिमाहीत, आणि इंटेलच्या १८ए या नव्या प्रोसेसमध्ये त्यालाच रिबनफेट म्हणतात.

१८ए मध्ये दुसरी एक गोष्ट आहे ती मला जास्त आवडली. आत्तापर्यंत सिग्नलच्या तारा आणि विजेच्या तारा दोन्ही ट्रान्झिस्टरच्या वरच्या बाजूला कोंबलेल्या असायच्या, दादरच्या पुलावर संध्याकाळी चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर येतात तसं. इंटेलने वीज खालच्या बाजूने आणली. टीएसएमसीही असंच करणार आहे, त्यांच्या ए१६ प्रोसेसमध्ये, २०२६ च्या दुसऱ्या सहामाहीत.

इंटेल एवढं पुढे होतं, मागे पडलं कसं?

१० नॅनोमीटरने घात केला. ईयूव्ही तयार नव्हतं, इंटेलने जुन्या प्रकाशावरच एकदम फार मोठी उडी मारायला घेतली आणि यील्ड (वेफरमधून निघणाऱ्या चांगल्या चिपचं प्रमाण) काही येईना. जे २०१६ च्या आसपास यायचं होतं ते मोठ्या प्रमाणावर यायला २०१९ उजाडलं, तोवर डेस्कटॉपला १४ नॅनोमीटर, मग १४ प्लस, मग १४ प्लस प्लस, सगळीकडे जोक चालले होते. तिकडे टीएसएमसी दरवर्षी थोडं थोडं करत पुढे गेली. वेळ अशी आली की ऑक्टोबर २०२४ च्या अॅरो लेक प्रोसेसरचा कोअरवाला तुकडा इंटेलला टीएसएमसीकडून बनवून घ्यावा लागला, स्वतःची २०ए प्रोसेस रद्द करून. त्याच डिसेंबरमध्ये सीईओ पॅट गेलसिंगर पायउतार झाले, मार्च २०२५ मध्ये त्यांच्या जागी लिप-बू टॅन आले, ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने इंटेलचा जवळपास १० टक्के हिस्सा घेतला. आता १८ए वरचा पँथर लेक प्रोसेसर जानेवारी २०२६ मध्ये लॅपटॉपमध्ये आलाय, अॅरिझोनातल्या फॅबमधून. म्हणजे घरचं जेवण परत सुरू झालंय. किती दिवस टिकतं बघू.

यील्ड म्हणजे काय? आणि मोठी चिप एवढी महाग का?

शंकरपाळे केलेत कधी? पोळी गोल लाटायची आणि चौकोनी कापायचे, कडेचे तुकडे वाया. वेफरचं सेम. आता समजा पोळीवर ५० ठिकाणी कचरा पडलाय आणि ज्या तुकड्यावर कचरा तो तुकडा फेकायचा.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची चिप ७५० चौरस मिलिमीटर आहे. एवढे मोठे शंकरपाळे एका वेफरमधून साधारण ७०च निघतात. त्यावर ५० ठिपके पडले तर, काही ठिपके एकाच तुकड्यावर दोन पडतील हे धरूनही, निम्मे बाद. आता रायझनचा कोअरवाला तुकडा घ्या, ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास, ते एका वेफरमधून ९०० च्या वर निघतात. तेच ५० ठिपके, पन्नासएक तुकडे बाद, साडेआठशे चांगले. (ठिपक्यांचा आकडा मी हिशोबासाठी घेतलाय, कंपन्या खरा आकडा कोणाला सांगत नाहीत.) एएमडीने तुकड्या-तुकड्यांची चिप करून इंटेलला घाम फोडला त्यात या हिशोबाचा वाटा मोठा आहे.

बाद तुकडे सगळे कचऱ्यात जात नाहीत. ज्याचे दोन-चार भाग मेलेत ते भाग बंद करून खालच्या नावाने विकायचं. खुद्द ५०९० सुद्धा पूर्ण चिप नाहीये, आख्ख्या चिपमध्ये २४,५७६ कोअर असतात, ५०९० मध्ये २१,७६० चालू ठेवलेत. लाँचलाच दोन लाखांच्या वर असलेल्या कार्डातही साडेअकराएक टक्के माल बंद असतो, हे सांगितलं की लोकांचं तोंड बघण्यासारखं होतं. पण यात फसवणूक काही नाही, हे केलं नाही तर कार्ड अजून महाग पडेल.

सगळं तैवानमध्येच का बनतं? भूकंप नाही का होत तिथे?

होतो की. ३ एप्रिल २०२४ ला ह्वालिएनला ७ च्या वरचा मोठा भूकंप झाला, फॅब रिकामे केले आणि दहा तासांत टीएसएमसीची सत्तर टक्क्यांवर मशीन परत चालू. २०२१ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा सरकारने शेतकऱ्यांचं सिंचन थांबवून, नुकसानभरपाई देऊन, पाणी शहरांना आणि कारखान्यांना दिलं. आपल्याकडे धरणाच्या पाण्यावरून उद्योग आणि शेती यांचं जे भांडण असतं तेच तिथेही आहे, फक्त तिथे पाणी पिणारा कारखाना जगभरच्या फोनच्या चिप बनवतो.

का तिथेच, तर मॉरिस चँग. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढलेला माणूस, १९८७ मध्ये सिंचूला टीएसएमसी काढली आणि ठरवलं की आपण स्वतःच्या नावाची एकही चिप विकायची नाही, फक्त दुसऱ्यांची बनवून द्यायची. गिऱ्हाइकाशी स्पर्धाच नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक डिझाइन द्यायला घाबरत नाही. पिठाची गिरणी. दळण तुमचं, गिरणी त्यांची. एनव्हिडिया, अॅपल, क्वालकॉम, २००९ नंतर एएमडीसुद्धा, कोणाकडेच स्वतःची गिरणी नाही.

आपल्याकडे कधी बनणार? तळेगावचं काय झालं?

तळेगावचं नाव काढलं की घरात दोन पार्ट्या पडतात म्हणून थोडक्यात. वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती, सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला जाहीर झाला, इकडे राजकीय धुरळा उडाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. म्हणजे ज्यावरून भांडलो ते ताट कोणालाच मिळालं नाही.

प्रत्यक्षात जे चाललंय ते धोलेऱ्याला. टाटा आणि तैवानची पीएसएमसी, ९१,००० कोटी, महिन्याला ५० हजार वेफरची क्षमता, नोड २८ पासून ११० नॅनोमीटरपर्यंत. लगेच 'एवढं जुनं?' म्हणून नाक मुरडू नका. गाडी, वॉशिंग मशीन, चार्जर, टीव्ही यांना असल्याच चिप लागतात, आणि २०२१ मध्ये गाड्यांचं वेटिंग लांबलं होतं ते असल्याच चिपसाठी. साणंदला मायक्रॉनचं आणि आसामात जागीरोडला टाटांचं आहे ते जोडणी आणि टेस्टिंगचं काम, तिथे वेफर छापत नाहीत. बातमीत दोन्हीला 'चिप प्लांट' म्हणतात म्हणून घोळ होतो. मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर इस्रोचा विक्रम ३२०१ प्रोसेसर बनतो, तो रॉकेटसाठी, त्यावर गेम चालवायला जाऊ नका. तोच मोहालीचा फॅब १९८९ मध्ये आगीत जळला होता. तेव्हा जळला नसता तर, हा विषय मी लग्नात जेवणाच्या पंगतीत काढतो आणि बायको पाय मारते.

डिझाइनमध्ये मात्र आपली माणसं भरपूर आहेत. एनव्हिडियाचं पुण्यात मोठं ऑफिस आहे, तिथला एखादा ओळखीचा असेल तर कार्ड स्वस्तात मिळेल का असं विचारू नका, मी विचारून झालंय.

आत्ता प्रोसेसर घ्यायचाय. कोणता? आणि पुढे काय येतंय?

गेमिंगच करायचं आणि पैसे आहेत तर रायझन ७ ९८००एक्स३डी. नोव्हेंबर २०२४ चा आहे, तरी अजून त्याच्या जवळपास फार कोणी नाही. त्यात कोअरच्या खाली कॅशेची एक वेगळी चिप चिकटवलीये, एकूण ९६ एमबी एल३ कॅशे, आणि गेमला ते फार मानवतं. जानेवारी २०२६ मध्ये थोडा जास्त क्लॉकवाला (वेगवाला) ९८५०एक्स३डी आला, दोन्हीत जो स्वस्त मिळेल तो घ्या. पण तुमचं कार्ड मधल्या दर्जाचं असेल तर एक्स३डीवर पैसे घालवू नका, ९६००एक्स घ्या आणि उरलेले पैसे कार्डात टाका, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की पाट्या छापून घ्याव्या. ऑफिस, अकाउंट्स, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर साधा आय३ किंवा आय५ पुरतो, कोणी काही म्हणो.

पुढचं जे कंपन्यांनी स्वतः सांगितलंय तेवढंच सांगतो. एएमडीच्या प्रोसेसरची पुढची पिढी झेन ६ टीएसएमसीच्या २ नॅनोमीटरवर, सर्व्हरसाठीचा 'व्हेनिस' २०२६ मध्ये. एएम५ सॉकेटला (बोर्डवर रायझन बसतो ती जागा) २०२७ आणि पुढेही सपोर्ट देणार म्हणालेत, म्हणजे आज घेतलेला बोर्ड लगेच भंगारात जाणार नाही. इंटेलचा डेस्कटॉपचा मोठा बदल म्हणजे नोव्हा लेक, २०२६ च्या अखेरीस. त्याला आत्ताचा अॅरो लेकचा बोर्ड चालेल असं धरून मात्र काही विकत घेऊ नका.

आणि ग्राफिक्स कार्ड?

आत्ता बाजारात आहेत ती बहुतेक २०२५ ची पिढी. एनव्हिडिया आरटीएक्स ५० जानेवारीपासून, एएमडी आरएक्स ९०७० आणि ९०७० एक्सटी ६ मार्चला, ९०६० एक्सटी जूनमध्ये. इंटेलचं आर्क बी५८० त्याच्याही आधी, डिसेंबर २०२४, २४९ डॉलरला १२ जीबी, गरिबाचा मित्र. जानेवारी २०२६ च्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाने एकही नवीन गेमिंग कार्ड काढलं नाही. त्यांची पुढची पिढी रुबिन २०२६ च्या दुसऱ्या सहामाहीत आहे, पण ती डेटा सेंटरची, आपल्या कॅबिनेटात बसणारी नव्हे.

इथेच नॅनोमीटरवाल्यांना माझं सांगणं आहे. ४०९० आणि ५०९० दोन्ही टीएसएमसीच्या त्याच ४एन प्रोसेसवर आहेत. नोड बदलला नाही, मग जास्त ताकद आली कुठून? चिप ६०८ वरून ७५० चौरस मिलिमीटर केली, ट्रान्झिस्टर ७,६३० कोटींवरून ९,२२० कोटी, आणि वीज ४५० वॉटवरून ५७५. जास्त दाणे घातले, जास्त पीठ निघालं. नवीन पिढी म्हणजे कमी वीज असं आपोआप होत नाही, ते बहुतेक वेळा नवा नोड मिळाला तरच. म्हणून खोक्यावरचं नॅनोमीटर सोडा आणि तीन गोष्टी बघा: तुमच्या गेममध्ये किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं), मेमरी किती, वीज किती.

मेमरीवर मी हट्टी आहे. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी दोन्ही ८ आणि १६ जीबीत येतात, नाव सेम, खोकं सेम, फक्त कोपऱ्यात छोटा आकडा. ८ वालं घेऊ नका. पुतण्याने माझं न ऐकता घेतलं, आता टेक्श्चर मिडियमवर ठेवून खेळतो आणि मला फोन करत नाही.

आरटीएक्स ५०७० लाँचला बाहेर ५४९ डॉलर आणि आपल्याकडे ५९ हजार, लुटतात का?

आकडेमोड करू. ५०७० जाहीर झालं तेव्हा डॉलर ८६ च्या आसपास होता, ४७ हजार दोनशे झाले. अमेरिकेतली किंमत टॅक्स सोडून असते, आपली टॅक्स धरून. १८ टक्के जीएसटी लावा, ५५ हजार सातशे. उरले तीन हजार तीनशे, त्यात आणण्याचा खर्च आणि डिस्ट्रिब्युटर. फार लूट दिसत नाही. लूट होते ती लाँचच्या पहिल्या महिन्यात, तेव्हा माल कमी असतो आणि जाहीर किमतीला कार्ड दिसतच नाही. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मला सांगितलं होतं की कार्ड एकटं देणार नाही, सोबत कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय घ्यावाच लागेल. मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो आणि दीड महिना थांबलो.

रॅम अचानक एवढी महाग का झाली?

एआय. डेटा सेंटरच्या कार्डांना एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते, ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, आणि आपली साधी रॅमही त्याच तिघी बनवतात. फॅबची क्षमता तेवढीच. जिथे नफा जास्त तिकडे माल वळला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा सामान्य गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. नवीन फॅब उभा करायला वर्षं लागतात त्यामुळे पुढच्या महिन्यात उतरेल या आशेवर राहू नका. जुनी चालू स्थितीतली डीडीआर४ रॅम असेल तर जपून ठेवा, विकू नका.

ते वायर वितळतात म्हणे, खरं का?

खरं. ४०९० आलं तेव्हा, २०२२ च्या ऑक्टोबरात, नव्या १६ पिनवाल्या कनेक्टरच्या वितळलेल्या फोटोंचा पाऊस पडला. एवढ्याशा प्लगमधून ६०० वॉटपर्यंत वीज जाते, नीट आत बसला नाही की गरम होतो. नंतर सुधारित कनेक्टर आला, तरी पूर्ण आत दाबा, आवाज येईपर्यंत, आणि प्लगपासून लगेच वाकवू नका. पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवू नका, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

सेकंड हँड आय७ १३वी जनरेशन स्वस्तात मिळतोय, घेऊ?

जपून. १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप चिपमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढून चिप हळूहळू खराब व्हायची, इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य केलं, बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून पाच केली. अपडेट पुढचं नुकसान थांबवतं, आधी झालेलं भरून काढत नाही. विकणाऱ्याने बायोस कधी टाकला विचारा, बिल मागा, वॉरंटी चेक करा. बिल नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा.

लीकमध्ये लिहिलंय की पुढचं कार्ड दुप्पट फास्ट, थांबू का?

लीक वाचायला मलाही आवडतं, पण डिझाइन पूर्ण होऊन फॅबकडे गेल्यापासून दुकानात यायला वर्षभर सहज जातं, आणि त्या काळात क्लॉक, मेमरी, नाव, किंमत, सगळं बदलू शकतं. किंमत तर कधीकधी स्टेजवर जायच्या आदल्या दिवशी ठरते म्हणतात. माझा नियम असा: कंपनीने तारीख जाहीर केलीये आणि ती दोन महिन्यांच्या आत आहे तर थांबा, निदान जुन्याची किंमत तरी पडेल. नाहीतर गरज असेल तेव्हा घ्या. आमच्या ऑफिसातला एकजण २०२० पासून थांबलाय. आधी क्रिप्टो मायनिंगमुळे, मग ४० सिरीजसाठी, मग ५० साठी, आता रॅम उतरेपर्यंत.

माझा आय५ सातव्या जनरेशनचा आहे, विंडोज १० बंद झालं, फेकू का?

फेकू नका हो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, तुम्ही एका वर्षाने हुकलात. एसएसडी नसेल तर आधी ती टाका, फरक बघून चाट पडाल. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाका, ब्राउझर, ऑफिसची कामं, यूट्यूब सगळं नीट चालतं. माझ्या आईचा तिसऱ्या जनरेशनचा आहे, त्यावर ती रोज सकाळी पेपर वाचते आणि फॅनचा आवाज येतो म्हणून मला वर्षातून एकदा धूळ पुसायला बोलावते.